केमो चालू असताना हातापायांना मुंग्या येतात तेव्हा

पायातली चप्पल निसटते आणि माणूस चार पावलं पुढे जातो. मागून कुणी हाक मारल्यावर त्याला कळतं की एक पाय अनवाणी आहे. ब्लाउजचे हुक लावायला दुप्पट वेळ लागतो. नोटा मोजताना दोन-दोन एकदम सुटतात. केमो चालू असलेल्या माणसाच्या बाबतीत या गोष्टी ‘अशक्तपणा आहे, होईल बरं’ म्हणून सोडून द्यायच्या नसतात. औषधाने नसांना इजा होऊ लागल्याच्या या खुणा असू शकतात. पुढचा डोस लागण्याआधी त्या डॉक्टरांच्या कानावर गेल्या, तर नसा वाचवायला वाव असतो. नंतर तो कमी होत जातो.

सगळ्याच केमोने असं होत नाही. आधी फाइलमध्ये औषधांची नावं बघा. पॅक्लिटॅक्सेल आणि डोसीटॅक्सेल ही स्तन, अंडाशय आणि फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये देतात. ऑक्झॅलिप्लॅटिन मोठ्या आतड्याच्या आणि जठराच्या, तर सिस्प्लॅटिन तोंड-घसा, गर्भाशयमुख आणि फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये आणि लिम्फोमामध्ये, म्हणजे लसीकाग्रंथींच्या कॅन्सरमध्ये, व्हिन्क्रिस्टिन असतं. मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेतल्या पेशींच्या कॅन्सरमध्ये बॉर्टेझोमिब आणि थॅलिडोमाइड. यांपैकी एखादं नाव सापडलं तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

त्रास पायाच्या बोटांपासून का सुरू होतो, हे समजलं की लक्षणं ओळखणं सोपं जातं. पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारी नस कमरेतून निघते आणि जवळजवळ मीटरभर लांब असते. तिच्या टोकापर्यंत लागणारा सगळा माल कण्याशेजारच्या पेशीतून, नसेच्या आतल्या सूक्ष्म नळ्यांवरून वाहून न्यावा लागतो. पॅक्लिटॅक्सेल आणि व्हिन्क्रिस्टिन या नळ्यांवरच घाव घालतात, कारण कॅन्सरच्या पेशीला विभागण्यासाठी त्याच नळ्या लागतात. सिस्प्लॅटिन आणि ऑक्झॅलिप्लॅटिन थेट त्या पेशींना इजा करतात. मेंदूभोवती रक्तातल्या बऱ्याच औषधांना अडवणारा जो पडदा असतो, तो या पेशींभोवती नसतो. रसद तुटली की सर्वांत लांबचं टोक आधी सुकतं. म्हणून आधी दोन्ही पायांची बोटं, मग तळवे, मग हाताची बोटं. मोजे आणि हातमोजे घातल्यासारखा हा बधिरपणा दोन्ही बाजूंना सारखा असतो. एकाच पायाला किंवा एकाच हाताला असेल तर कारण बहुधा दुसरं असतं. त्याविषयी पुढे सांगितलं आहे.

पहिल्या डोसच्या आधी

नसा आधीच अशक्त असतील तर केमोचा घाव खोल बसतो. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर तपासून घ्या. शाकाहारी असाल, किंवा वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेत असाल, तर व्हिटॅमिन बी-१२ तपासायला सांगा. आपल्याकडे ही कमतरता पुष्कळांना असते, तिने हुबेहूब अशाच मुंग्या येतात आणि ती भरून काढता येते. थायरॉइडचं दुखणं आणि दारू यांचाही नसांवर परिणाम होतो. दारूचं प्रमाण डॉक्टरांना खरं सांगा. आधीपासून मुंग्या येत असतील तर तशी नोंद फाइलमध्ये करून घ्या, म्हणजे नंतर तुलना करता येईल.

वही कशी ठेवायची

साधी शाळेची वही घ्या. प्रत्येक सायकलनंतर, म्हणजे केमोच्या एका फेरीनंतर, साधारण तिसऱ्या दिवशी आणि पुढच्या सायकलच्या आदल्या दिवशी नोंद करा. पॅक्लिटॅक्सेलनंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांत सांधे आणि स्नायू ठणकतात; ते बहुधा आठवड्याभरात थांबतं. आदल्या दिवशी जे उरलेलं असेल ते जास्त महत्त्वाचं.

त्रास कुठपर्यंत चढला ते लिहा: फक्त बोटं, घोटा, की पोटरी. बधिरपणा, मुंग्या आणि आग-ठणका यांना ० ते १० मध्ये वेगवेगळे आकडे द्या, कारण नुसता बधिरपणा आणि दुखणं यांचे उपाय वेगळे आहेत. आणि सर्वांत उपयोगाची नोंद म्हणजे कोणतं काम अडलं: शर्टाची बटणं, परकराची नाडी, मंगळसूत्राचा फासा, तांदूळ निवडणं, वाती वळणं, मोबाइलवर टाइप करणं, जिना उतरणं. डॉक्टर त्रासाची प्रत (ग्रेड) यावरूनच ठरवतात. मुंग्या आहेत पण कामं होतात, ही पहिली प्रत. स्वयंपाक, खरेदी, फोन अशी कामं अडू लागली की दुसरी. अंघोळ, कपडे, जेवण यांतही दुसऱ्याची मदत लागू लागली तर तिसरी. ‘थोडं होतंय’ या शब्दांवरून काही ठरवता येत नाही. ‘गेल्या सायकलपासून बटणं मुलगी लावून देते’ यावरून ठरवता येतं.

आठवड्यातून एकदा घरीच तीन गोष्टी करून बघा. शर्टाची पाच बटणं लावायला किती सेकंद लागतात ते मोजा. डोळे मिटून हातात एक रुपयाचं आणि पाच रुपयांचं नाणं ओळखता येतं का बघा. शेजारी कुणाला तरी उभं करून टाचांवर दहा पावलं चाला. पुढचा पाय उचलला जात नसेल, पाऊल फरफटत असेल, तर स्नायूंना जाणाऱ्या नसांनाही इजा झालेली असू शकते आणि ते त्याच आठवड्यात सांगायला हवं. व्हिन्क्रिस्टिन घेणाऱ्या मुलांमध्ये हे विशेष बघा. मूल सारखं अडखळतं, जिना चढायचा कंटाळा करतं, जबडा दुखतो म्हणतं, चार दिवस शौचाला जात नाही, ही सगळी त्याच औषधाची लक्षणं असू शकतात. आणखी एक: गजकर्णासाठी दुकानातून आणलेल्या इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल व्हिन्क्रिस्टिनबरोबर अजिबात घ्यायच्या नाहीत. त्यांच्यामुळे व्हिन्क्रिस्टिन शरीरात साठतं आणि नसांवरचा मारा कितीतरी पटींनी वाढतो.

ऑक्झॅलिप्लॅटिन असेल तर थंडीचा आठवडा

हे औषध दोन प्रकारे त्रास देतं. सायकलींबरोबर साठत जाणारा बधिरपणा इतर औषधांसारखाच. दुसरा प्रकार सलाईन लागल्यावर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत सुरू होतो: थंड वस्तूला हात लावला की विजेसारखी सणक, थंड पाणी प्यायल्यावर घसा आवळल्याची भावना, पहिला घास चावताना जबड्यात कळ. आधी सांगितलेलं नसलं तर माणूस फार घाबरतो. घसा आवळल्यासारखा वाटला तरी श्वासाची वाट खरोखर बंद झालेली नसते. शांत बसा, गरम कपड्याने गळा झाका, कोमट पाणी घोट-घोट घ्या. मात्र ओठ सुजले, अंगावर गांध्या उठल्या, छातीत सूं-सूं आवाज येऊ लागला तर ती अ‍ॅलर्जी असू शकते. तेव्हा थेट रुग्णालय गाठा.

डोसनंतर निदान आठवडाभर फ्रिज दुसऱ्याने उघडायचा. दूध, दही, ताक, फळं, शहाळं सगळं खोलीच्या तापमानाला आल्यावरच घ्या. सकाळी स्टीलची भांडी आणि नळाचं पाणी थंड असतं, तेव्हा भांडी घासणं आणि लादी पुसणं दुसऱ्याकडे द्या. पायांत मोजे, थंडीत कानटोपी आणि नाकातोंडावर ओढणी हवी, कारण गार हवा श्वासात गेली तरी घसा आवळतो. मुंबई-पुण्याला केमो घेऊन रात्रीच्या एसी बसने गावी परतणाऱ्यांची ठिकठिकाणी हीच अडचण होते. जमल्यास साधी गाडी बघा. नाहीतर शाल, हातमोजे आणि थर्मासमध्ये कोमट पाणी बरोबर ठेवा आणि डोक्यावरचा वाऱ्याचा झोत बंद करा.

आतड्याच्या कॅन्सरमध्ये ऑक्झॅलिप्लॅटिनबरोबर कॅपेसिटाबिनच्या गोळ्या असतील तर तळहात-तळपाय लाल होऊन सोलले जाऊ शकतात. तो नसांचा त्रास नव्हे, त्वचेचा आहे, आणि त्यावरचा उपाय वेगळा आहे. वहीत दोन्ही वेगळं लिहा.

डॉक्टरांना सांगायचं, आणि लपवायचं का नाही

बरेच रुग्ण मुंग्या मुद्दाम सांगत नाहीत. सांगितलं तर डोस कमी करतील, मग कॅन्सर परत येईल, ही भीती असते. ती खोटी नाही, पण अपुऱ्या माहितीवरची आहे. डॉक्टरांच्या हातात बरेच मार्ग असतात: डोस थोडा कमी करणं, आठवडाभर पुढे ढकलणं, त्याच गटातलं दुसरं औषध देणं, किंवा नसांना त्रास देणारं औषध थांबवून बाकीची तशीच चालू ठेवणं. आतड्याच्या कॅन्सरमध्ये ऑक्झॅलिप्लॅटिन थांबवून कॅपेसिटाबिन पुढे चालू ठेवणं हा नेहमीचा निर्णय आहे. बॉर्टेझोमिब शिरेतून देण्याऐवजी त्वचेखाली दिलं की नसांचा त्रास कमी होतो, हे चाचणीत दिसलं आहे.

कमी औषध म्हणजे नेहमीच कमी उपचार नव्हे. २०१८ साली तिसऱ्या टप्प्यातल्या आतड्याच्या कॅन्सरच्या १२ हजारांहून जास्त रुग्णांच्या चाचण्या एकत्र करून तीन महिने आणि सहा महिने केमो यांची तुलना झाली. कामात अडथळा येईल इतका किंवा त्याहून जास्त नसांचा त्रास सहा महिने घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना झाला. तीन महिने घेणाऱ्यांमध्ये तो साधारण सहा जणांत एकाला झाला. कमी धोक्याच्या गटात कॅपेसिटाबिन-ऑक्झॅलिप्लॅटिन तीन महिने दिलं तरी ते सहा महिन्यांच्या तोडीचं ठरलं. जास्त धोक्याच्या गटात हिशेब वेगळा होता. तुमचा गट कोणता, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. ‘हा उपचार बरं करण्यासाठी आहे की आजार आटोक्यात ठेवण्यासाठी?’ हा प्रश्नही विचारा, कारण नसांसाठी किती तडजोड करायची ते त्याच्या उत्तरावर ठरतं.

काय उपयोगी आहे, काय नाही

मेडिकलच्या दुकानात ‘नसांची गोळी’ मागितली की मिथिलकोबालामिन, बी-६ आणि बहुतेक वेळा प्रीगॅबालिन यांचं मिश्रण हातात येतं. बी-१२ कमी असेल तर ते भरून काढायलाच हवं. कमी नसेल तर या गोळीने केमोचा त्रास टळतो असं सिद्ध झालेलं नाही, आणि बी-६ जास्त प्रमाणात, बराच काळ घेतलं तर त्यानेच नसांना इजा होते. अ‍ॅसिटिल-एल-कार्निटिनबद्दल तर चांगल्या चाचणीत उलटंच दिसलं: ते घेणाऱ्या स्त्रियांचा त्रास वाढला. हे नाव कुठल्याही ‘नर्व्ह टॉनिक’च्या डब्यावर दिसलं तर ते घेऊ नका.

पॅक्लिटॅक्सेलसाठी हातपाय गार किंवा घट्ट ठेवण्याचा प्रयोग करता येतो. सलाईनच्या वेळी बोटांकडचं रक्त कमी केलं की तिथे औषधही कमी पोचतं, हा त्यामागचा विचार. गार हातमोजे-मोजे सलाईनच्या १५ मिनिटं आधीपासून संपल्यावर १५ मिनिटांपर्यंत घालतात. ते मिळत नसतील तर मापापेक्षा एक नंबर लहान सर्जिकल हातमोजे घालूनही काही चाचण्यांत फायदा दिसला. पुरावा अजून पक्का नाही, पण खर्च थोडा आहे, म्हणून डे केअरच्या सिस्टरना आधी विचारून करून बघायला हरकत नाही. बर्फ थेट त्वचेला लावू नका. गारव्याचा हा उपाय ऑक्झॅलिप्लॅटिनच्या वेळी करायचा नाही, आणि थंडीत बोटं पांढरी-निळी पडणाऱ्यांनीही करायचा नाही.

व्यायामाचं पारडं जास्त जड आहे. रोज २० ते ३० मिनिटं चालणं आणि त्यासोबत तोल सांभाळण्याचा सराव: ओट्याला हात टेकून एका पायावर १० सेकंद, मग दुसऱ्या. नंतर टाचेला दुसऱ्या पायाचा अंगठा लावून सरळ रेषेत १० पावलं, भिंतीच्या कडेने. प्लेटलेट खूप कमी असतील, ताप असेल किंवा हाडात गाठ असेल तर आधी विचारा. काश्याच्या वाटीने तळपाय चोळल्याने बरं वाटतं आणि झोपही लागते; त्वचा फाटलेली नसेल तर हलक्या हाताने जरूर करा. नस त्याने भरून येत नाही, एवढं मात्र लक्षात असू द्या. तेल गरम करून लावू नका.

आग आणि ठणका झोपू देत नसेल तर चांगला पुरावा असलेलं एकच औषध आहे, डुलॉक्सेटिन. पहिला आठवडा ३० मिलिग्रॅम, मग ६० मिलिग्रॅम, रोज एकदा, असं ते सहसा सुरू करतात. अमेरिकेत २३१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पाच आठवड्यांनी दुखणं कमी झालं असं सांगणारे या गटात ५९ टक्के होते, नुसत्या दिखाऊ गोळीच्या गटात ३८ टक्के. म्हणजे फायदा खरा आहे, पण माफक. मळमळ, झोप येणं, तोंड कोरडं पडणं हे सुरुवातीला होतं. टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरवरची गोळी) चालू असेल, लिव्हरचा आजार किंवा काचबिंदू असेल, किंवा नैराश्याचं दुसरं औषध चालू असेल तर ते डॉक्टरांना आठवणीने सांगा. डुलॉक्सेटिन एकदम बंद करू नका. प्रीगॅबालिन आणि गॅबापेंटिन पुष्कळ लिहून दिली जातात. काहींना गुण येतो, पण चक्कर आणि झापड येते, आणि ज्याच्या पायाखालची जमीनच कळत नाही त्याला चक्कर म्हणजे पडायला निमित्त. दुखणं नसून नुसता बधिरपणा असेल तर यांपैकी कुठलंही औषध तो घालवत नाही.

घरात

बधिर पायाला चटका कळत नाही. गरम पाण्याची पिशवी, शेगडीसमोर पाय शेकणं, बादलीतल्या कढत पाण्यात पाय सोडणं यांनी फोड येतात, आणि पांढऱ्या पेशी कमी असताना त्या फोडाचं रूपांतर जंतुसंसर्गात होतं. पाण्याचा कढतपणा हाताने नव्हे, कोपराने बघा. रोज रात्री दोन्ही तळवे आणि बोटांमधल्या फटी बघा. वाकता येत नसेल तर खाली आरसा धरा. घरातही अनवाणी चालू नका, देवळात मोजे घालून जा. अंगठ्याच्या चपलेऐवजी मागे पट्टा असलेली सँडल घ्या आणि पाय घालण्याआधी ती उपडी करून झटका. शेतात बूट घातल्याशिवाय उतरू नका.

विळी काही महिने बाजूला ठेवा. भाजी सुरीने, पाटावर चिरा. तव्यावरची पोळी हाताने उलटायची सवय मोडा, सांडशी आणि उलथनं वापरा. देशी संडासात उठता येत नसेल तर भिंतीला दांडी बसवून घ्या किंवा खाली ठेवायची कमोडची खुर्ची आणा. पडण्याचा धोका अंधारात सर्वांत जास्त, कारण पाय सांगत नाहीत तेव्हा तोल डोळ्यांवर चालतो. म्हणून न्हाणीघराच्या वाटेवर रात्रभर छोटा दिवा असू द्या. पायाखाली ब्रेक नीट जाणवत नसेल तर दुचाकी चालवू नका.

कारण औषध नसून गाठ असेल तर

कॅन्सर स्वतःही नसांना धरतो, आणि हे चुकलं तर किंमत फार मोठी असते. स्तन, फुप्फुस, प्रोस्टेट किंवा मायलोमाच्या रुग्णाला पाठीत नवी कळ आली, ती आडवं पडल्यावर, खोकताना किंवा कुंथताना वाढते, छातीभोवती पट्टा आवळल्यासारखी फिरते, त्यात पाय लटपटू लागले, बसायच्या जागेभोवती बधिर झालं किंवा लघवी अडली, तर मज्जारज्जूवर दाब आला असू शकतो. पुढच्या ओपीडीची वाट बघायची नाही. त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात जा आणि कॅन्सरचा इतिहास पहिल्या वाक्यात सांगा. तिथे स्टेरॉइड सुरू करतात आणि २४ तासांच्या आत पूर्ण कण्याचा एमआरआय करतात. उपचार सुरू होताना जो चालत असतो तो बहुधा चालत राहतो. पाय पूर्ण गेल्यावर ते परत मिळणं कठीण.

हनुवटी आणि खालचा ओठ एकाएकी बधिर होणं, तोंड एका बाजूला वाकडं होणं, एकाच हातात खांद्यापासून खाली कळ येणं, यांसाठीही लगेच दाखवा.

तंबाखू-गुटख्यामुळे आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर फार आहे, आणि त्याच्या ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये ‘पेरिन्यूरल इन्व्हेजन’ अशी ओळ असते. गाठीच्या पेशी नसेच्या वेष्टणात शिरल्या किंवा तिला निदान एक-तृतीयांश वेढून बसल्या तर त्यापुढे ‘आहे’ लिहितात. नस ही गाठीसाठी जणू पायवाट होते. कापलेल्या कडेच्या पलीकडेही पेशी तिच्या आधाराने गेलेल्या असू शकतात. म्हणून पुढे रेडिएशन द्यायचं का, याचा विचार होतो. ती ओळ स्वतः वाचा आणि पुढचा बेत विचारा.

नसा नुसती वाट देत नाहीत, गाठीला खतपाणीही घालतात, हे गेल्या काही वर्षांत स्पष्ट झालं. २०१३ साली उंदरांच्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये ठरावीक नसा तोडल्यावर गाठ वाढणं अडलं. २०१९ साली मेंदूच्या ग्लायोमा गाठींच्या पेशी शेजारच्या चेतापेशींशी प्रत्यक्ष जोडण्या करून त्यांच्या विद्युतसंदेशांवर वाढतात, हे दिसलं. या साखळीला अडवण्यासाठी रक्तदाबावरच्या बीटा-ब्लॉकर गोळ्यांच्या चाचण्या चालू आहेत. त्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नका. दमा असेल तर त्या जिवावर बेतू शकतात. आणि या संशोधनाचा आधार घेऊन रुग्णाला ‘तू टेन्शन घेतलंस म्हणून झालं’ असं कुणी म्हणत असेल तर त्याला तिथेच थांबवा. ताणामुळे माणसाला कॅन्सर होतो, हे सिद्ध झालेलं नाही, आणि आजारी माणसाच्या डोक्यावर हा दोष ठेवणं क्रूर आहे.

केमो संपल्यावर

सिस्प्लॅटिन आणि ऑक्झॅलिप्लॅटिनचा त्रास शेवटच्या डोसनंतरही दोन-तीन महिने, कधी त्याहून जास्त काळ वाढत राहतो. आजार परतला असं समजून लोक घाबरतात. हा औषधाचा ज्ञात स्वभाव आहे. मग तो हळूहळू ओसरू लागतो. तुटलेली नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते आणि पायाचा अंगठा कण्यापासून मीटरभर अंतरावर आहे, तेव्हा महिने लागणार, काहींना वर्षाहून जास्त, आणि काहींचा थोडा बधिरपणा कायम राहतो. आधी हाताचा त्रास कमी होतो, पायाचा शेवटी. वही महिन्यातून एकदा चालू ठेवा. सहा महिन्यांनंतरही आकडे चढतच असतील किंवा एकाच बाजूचे चढत असतील, तर बी-१२ आणि साखर पुन्हा तपासून घ्या आणि वही घेऊन पुढच्या तारखेआधीच डॉक्टरांकडे जा.